बकऱ्यांमागची प्रॅक्टिस

“ए भाऊ, बसून काऊन राह्यला? बकऱ्या मोह खाऊन राह्यल्या, धाव ना!” मोहफुलं वेचणारी बाई मान वर न करताच ओरडली.

वनरक्षकाची भरती तोंडावर आली होती आणि एकट्यानं धावायचा मला इतका कंटाळा आला होता, की बूट घालतानाच धाप लागायची. म्हणून आलापल्लीच्या रस्त्याकडेला तिच्या झाडाखाली दडून बसलो होतो. उठलो. बकऱ्यांमागं असा सुटलो, की एसटीवाल्यानं मला साइड दिली. हसून हसून माझंच पोट दुखलं.

मग रोज सकाळी तेच. तिनं नुसता हात झटकला की मी पळायचो.

शेवटी म्हणालो, “बाई, तुमच्यामुळं धावाले मजा येऊन राह्यली. आता भरतीत लागतोच मी.”

ती फुलं वेचतच म्हणाली, “उद्या लवकर ये. आज बकऱ्या तुह्या आधी आल्या.”