सातवा भाग आणि मी वाकवलेला अँटेना

आमचे अण्णा गेली चाळीस वर्षं माझ्यावर रागावलेले आहेत.

मधल्या काळात ते निवृत्त झाले, त्यांचे दोन्ही गुडघे बदलले, आमची लालबागची चाळ पडून तिथे बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला. पण रागाचा कुठे टवकासुद्धा उडाला नाही. चौदाव्या मजल्यावर सामान चढवलं, त्यात तोही चढला. वायफाय गेलं की अण्णा आतल्या खोलीतून ओरडतात, "बाळ्या गच्चीवर गेलाय काय रे?" लिफ्ट बंद पडली तरी तेच. माझ्या लग्नात व्हिडिओवाल्याची कॅसेट अडकली, तेव्हाही अण्णांनी भरमंडपात वळून माझ्याचकडे बघितलं. (मी अंतरपाटाच्या अलीकडे, हातात हार घेऊन उभा होतो हो!) मुलाची ओळख करून देताना "बँकेत मॅनेजर आहे" असं सांगायची बाकीच्या वडिलांत पद्धत असते. आमचे अण्णा सांगतात, "हा थोरला. अँटेनावाला."

तर झालं होतं असं.

अण्णा तेव्हा गिरणीच्या ऑफिसात टाइमकीपर होते आणि कामगारांच्या नाटकात कामं करायचे. आवाज असा, की भोंगा बिघडला असता तर गिरणीचं काही अडलं नसतं. त्या काळात टीव्हीवर एकच वाहिनी होती आणि दर रविवारी संध्याकाळी तिच्यावर 'शुक्रयान' नावाची हिंदी मालिका लागायची. त्यात एक कॅप्टन कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघायचा. एक यंत्रमानव होता. आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबाला हात लावले की झाला यंत्रमानव. यानाचे दरवाजे आपोआप उघडायचे, आणि नीट बघितलं तर उघडणाऱ्याची बोटं दिसायची. पण नीट बघतो कोण? त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसायचं.

अशा मालिकेच्या सातव्या भागात अण्णांना काम मिळालं! तीन दिवस रजा टाकून ते चित्रीकरणाला गेले आणि चौथ्या दिवशी कमरेत वाकून परत आले.

"काम कसलं हो?" आईने विचारलं.

"कॅप्टनबरोबर आहे. जास्त विचारू नकोस, गुप्तता पाळायला सांगितलीय. एवढंच सांगतो, मी नसतो तर तो भाग पुढे सरकलाच नसता."

"आणि कमरेला काय झालं?"

"अंतराळात वावरायचं म्हणजे शरीरावर ताण येतोच," अण्णा गंभीरपणे म्हणाले आणि पालथे पडले. आईने आठ दिवस मिठाच्या पुरचुंडीने त्यांची कंबर शेकली. गुप्तताही तिने आठ दिवस पाळली. म्हणजे फक्त नळावर, जिन्यात आणि भाजीवालीला सांगितलं.

सातवा भाग लागला त्या रविवारी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पस्तीस माणसं. घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर शेजारचे घाडीकाका. हे अण्णांना 'वसंता' म्हणणारे त्यांचे जिवलग मित्र, म्हणजे अण्णांच्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नसायचा. मी अकरा वर्षांचा. माझी रवानगी गच्चीवर, कारण वारा सुटला होता आणि अँटेना हलत होता. चाळीत याची एक पद्धत ठरलेली होती. मी गच्चीवरून जिन्यात ओरडायचं आणि आईने गॅलरीतून उत्तर द्यायचं.

"आलं काय?"

"मुंग्या!"

"आता?"

"दोन दोन कॅप्टन दिसतायत!"

"आता?"

"आला, आला! एकच आला! आता मेल्या हलू नको!"

मी हललो नाही. मारुतीने द्रोणागिरी धरावा तसा तो पाइप धरून उभा राहिलो. खाली संगीत वाजलं. आणि मग हशा! पस्तीस माणसांचा! माझा बाप पडद्यावर आला असणार, आणि ते बघायला त्याच्या पोटचा पोरगा सोडून सगळी चाळ हजर! मला राग आला, रडू आलं, आणि तेवढ्यात समोरच्या इमारतीची खिडकी दिसली. खिडकीत टीव्ही. टीव्हीवर शुक्रयान! फक्त टीव्हीपुढे बनियनमधली एक रुंद पाठ बसलेली. मी पाठीच्या डावीकडून बघावं म्हणून जरा वाकलो. आणखी जरा वाकलो. हातात पाइप होता, तोही बिचारा माझ्याबरोबर वाकला.

खालून जो आवाज आला, तसा आवाज मी पुढे फक्त भारत-पाकिस्तान सामन्यात शेवटची विकेट पडल्यावर ऐकला.

अण्णा स्वतः वर आले. तीन तीन पायऱ्या गाळत! मी घाबरून अँटेना सरळ करायला गेलो, तर त्यांनी माझी कॉलर धरली.

"हात लावू नकोस! खबरदार हात लावशील तर! तंगडं मोडून ठेवीन!"

"अण्णा, सरळ करतो ना..."

"गप्प! बापाच्या कलेची माती केलीस! चाळीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

समोरच्या खिडकीतून शेवटचं संगीत ऐकू येईपर्यंत ते मला अँटेनापासून चार हात लांब धरून ओरडत होते. (अर्ध्या मिनिटात चित्र परत आलं असतं. पण संतापलेल्या माणसाला असलं काही सुचत नाही.) पुढच्या रविवारी त्यांनी काहीही कारण नसताना मला क्रिकेटची बॅट आणून दिली. (संतापी माणसं आतून प्रेमळ असतात, हे मला तेव्हा कळलं.) मालिका संपल्यावर ती पुन्हा कधी लागली नाही. "त्या टेपा पुसून त्यांच्यावर दुसरं काहीतरी घेतलं म्हणे," एवढं सांगून अण्णांनी एक दीर्घ श्वास सोडला. तो श्वास माझ्या काळजात जो रुतला, तो चाळीस वर्षं निघाला नाही.

यंदा अण्णांना एक्याऐंशीवं चालू झालं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचं सहस्रचंद्रदर्शन करायचं, म्हणून दादरला हॉल घेतला. आणि महिनाभर आधी माझी मुलगी मुक्ता लॅपटॉप घेऊन धावत आली.

"बाबा, शुक्रयान! कुणीतरी तेव्हा घरी रेकॉर्ड केलेल्या जुन्या कॅसेटवरून नेटवर टाकलंय. सातवा भागपण आहे!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या डोळ्यांत! मी तिथल्या तिथे ठरवलं, की समारंभात मोठ्या पडद्यावर सातवा भाग दाखवायचा. तीच चाळ, तीच माणसं, जी उरली असतील ती. अण्णांना आधी कळू द्यायचं नाही. आणि भाग संपला की सगळ्यांदेखत त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून "जाऊ दे बाळ्या, विसरलो" एवढं म्हणायचं. बस. दुसरं काही नको होतं मला.

"डाउनलोड करून ठेव, पण बघू नकोस," मी मुक्ताला बजावलं. "कुणीही बघायचं नाही!"

"अहो, एकदा बघून तरी घ्या," माझी बायको सुषमा म्हणाली.

"मुळीच नाही! बघेन तर अण्णांच्या शेजारी बसून!"

"भेंडी घेताना चार मोडून बघता. आणि हे न बघताच शंभर माणसांना दाखवणार?"

मी तिच्यावर भडकलो. कला आणि भेंडी यांतला फरक दहा मिनिटं समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. (बायको शांतपणे ऐकते तेव्हा आपण थांबायचं असतं. हे बावन्नाव्या वर्षी लिहून ठेवतोय.)

समारंभ झकास झाला. होम झाला, ऐंशी दिव्यांनी ओवाळून झालं. अण्णा नव्या उपरण्यात, हातात चांदीचा चंद्र धरून, देवासारखे बसले होते. घाडीकाका काठी टेकत कळव्याहून आले होते. जेवणाची वेळ झाली, मसालेभाताचा वास सुटला, आणि मी माइक हातात घेतला.

"चाळीस वर्षांपूर्वी एका मुलाच्या हातून एक पाप घडलं..."

मी दहा मिनिटं बोललो. पडदा खाली आला. 'शुक्रयान' हे नाव ऐकताच अण्णांनी हातातला चंद्र तोंडापुढे धरला. मला वाटलं, गहिवर!

"पानं वाढायला घ्या. लोक उपाशी आहेत," अण्णा म्हणाले.

"थांबतील हो, अण्णा!"

"गुरुजींना उशीर होतोय."

"छे छे, मी बसतो की," गुरुजींनी खुर्ची ओढली.

"माझं डोकं दुखतंय. बाळ्या, नको." इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. मी मनात म्हटलं, खरा कलावंत! केवढा हा विनय!

दिवे मालवले. भाग सुरू झाला, आणि विनोदी निघाला. शुक्रावरचं एक जनावर यानात शिरतं आणि वायरी खात सुटतं, अशी गोष्ट. जनावर गोणपाटाचं, सोफ्याएवढं लांब, डोळ्यांच्या जागी दोन बल्ब. सगळा हॉल अण्णांना शोधू लागला.

"तो दाढीवाला का?"

"मग बंबात असतील!"

"त्या बंबात वसंता मावायचा नाय," घाडीकाका म्हणाले.

दहा मिनिटं झाली, अण्णा नाहीत. कॅप्टन जनावरावर स्वार झाला. जनावराचा पुढचा भाग डावीकडे निघाला, मागचा उजवीकडे. मग मागचा भाग दमून खाली बसला आणि कॅप्टन घरंगळला. त्याने उठून जनावराच्या ढुंगणावर सणसणीत लाथ घातली. जनावर पळालं, तर पुढचं अर्धं दाराबाहेर गेलं आणि मागच्या अर्ध्यावर दार बंद झालं! माणसं हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होती. मी मात्र पेटलो होतो.

"मुक्ता! हा सातवाच भाग आहे ना?"

"सातवाच आहे, बाबा! वर लिहिलंय!"

"अण्णा, तुम्ही आहात कुठे यात?" आता मी ओरडत होतो. ज्यात हा माणूस नव्हताच, त्या भागापायी मी चाळीस वर्षं शिव्या खाल्ल्या? अण्णा पंख्याकडे बघत होते.

मग नावं आली. कॅप्टन, यंत्रमानव, आणि सगळ्यात खाली:

शुक्र का जीव (पिछले पैर): वसंत तळवडेकर

हॉलमधल्या सगळ्या माना अण्णांकडे वळल्या. आणि सगळ्यात आधी आई, जी चिडली की थेट मालवणीत शिरते, ती कडाडली, "तरीच! आठ दीस माझ्याकडसून कंबर शेकून घेतल्यानी!"

त्यानंतर जो गदारोळ झाला! घाडीकाका काठीने जमीन बडवत होते. "वसंता, लेका, चाल बघूनच ओळखायला हवं होतं मी!" गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "ती लाथ परत लावा." लाथ तीनदा लावली. मसालेभात गार झाला, आचारी रागावला, आणि अण्णांनी उपरणं फेकून ताटांच्या टेबलामागे माझा कान धरला. बँकेचा मॅनेजर मी!

"अण्णा, यात लाजण्यासारखं काय आहे?" मी कळवळून म्हणालो. "आणि मग तेव्हा माझ्यावर एवढे का रागावलात?"

"गाढवा! त्या दिवशी मी खाली बसून नवस बोलत होतो. वीज जाऊ दे, आग लागू दे, काहीही होऊ दे! आणि तेवढ्यात तू वाकलास. ती बॅट काय उगाच दिली होती?"

"मग हा चाळीस वर्षांचा राग?"

"मग काय पेढे वाटू? भाग बुडाला आणि वसंता खूश, असं दिसलं असतं तर घाडीने त्याच दिवशी खोदून काढलं असतं! जन्मात एक काम माझ्यासाठी चोख केलं होतंस रे. त्यावरही आज बोळा फिरवलास!"

म्हणजे आजवरचा राग हे अण्णांचं नाटक होतं. खरा राग आता सुरू झालाय, आणि दोन्हींतला फरक मला चांगलाच कळतो. कारण आता टॉवरमध्ये रोज संध्याकाळी कुणी ना कुणी बेल वाजवतं. "अण्णा, ते मागचे पाय दाखवा ना!" मुक्ता उत्साहाने टीव्ही लावते. अण्णा उठतात आणि गरजतात, "बाळ्या! गच्चीवर जा!"

"अण्णा, आता अँटेना नसतो हो."

"तरी जा!"

आणि मी जातो. बाविसाव्या मजल्याच्या वर, पाण्याच्या टाकीचा पाइप धरून, तो भाग संपेपर्यंत उभा राहतो. आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच जरा वाकतोसुद्धा. न जाणो, चित्र जायचं!