बिद्रीच्या सयाजीची कॅसेट

गैबी शिकलगार मनानं वाईट नव्हता, पण दुसऱ्याचं कौतुक कानावर पडलं की त्याच्या पोटात दुखायचं, आणि हे दुखणं त्याला लपवताही यायचं नाही. शेजारच्या शिंप्यानं शिवलेला कोट कुणी वाखाणला, तर हा पायरीवरूनच म्हणायचा, "बटनं बघितलीसा का? वाकडी हायती." बिंदू चौकामागच्या बोळात त्याचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. लग्न असो, बारसं असो, पाडव्याची म्हशींची मिरवणूक असो, गैबी खांद्यावर तो धोंड्यासारखा कॅमेरा घेऊन हजर.

एका गोष्टीत मात्र तो खरोखरच पहिला होता. आज पोरं ज्याला हिप-हॉप म्हणतात, त्यातल्या नाचाला तेव्हा कोल्हापुरात ब्रेक डान्स म्हणत. साल शहाऐंशी. त्याचा मामेभाऊ हुसेन कुवेतहून एक कॅसेट घेऊन आला. तीत अमेरिकेतली काळी पोरं फुटपाथवर पुठ्ठा टाकून पाठीवर गरागरा फिरत होती. गैबीनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडला आणि पडत-झडत तेच करायला घेतलं. कोपरं सोलली, मान आखडली, बायको कुलसुमनं हळद-तेल चोळता चोळता बोलणी सुनावली. चार महिन्यांत जमलं. मग पोरं शिकायला येऊ लागली आणि त्याला वस्ताद म्हणू लागली. कोल्हापुरात वस्ताद म्हणवून घ्यायला तालमीतच घाम गाळावा लागतो असं थोडंच आहे?

त्या पोरांत बिद्रीहून एसटीनं येणारा सयाजी चौगले होता. वीस वर्षांचा, काटक, बोलण्यात चिंगूस. वस्तादाला जे चार महिन्यांत आलं, ते त्याला सहा आठवड्यांत आलं. त्याउपर तो टाळक्यावर उभा राहून भवऱ्यागत फिरायला लागला. गैबीला ते कधीच जमलं नव्हतं.

"घाई बरी न्हवं," एवढंच गैबी म्हणाला. घरी येऊन मात्र भाकरी अर्धीच खाल्ली.

त्या वर्षी गणपतीत शिवाजी पेठेतल्या एका मंडळानं ब्रेक डान्सची स्पर्धा ठेवली. गैबीनं आपलं नाव सगळ्यात आधी दिलं. पण दोन दिवस आधी मंडळाचे अध्यक्ष बाळासो स्वतः दुकानात आले. "गैबीभाई, तुम्हीच नाचाय लागल्यावर शूटिंग कोण करणार? तुमच्या हातासारका हात हाय का कुनाचा गावात?" झालं. स्तुतीच्या दोन शब्दांनी गडी पाघळला आणि हो म्हणून बसला. बाळासो बोळाच्या टोकाला पोचेपर्यंत त्याला आपला मूर्खपणा कळला होता. आता ज्या मांडवात आपण नाचायचं, तिथं आपण दुसऱ्याचा नाच टिपायचा.

सयाजी सर्वांत शेवटी आला. गैबीच्या मनात नाही नाही ते येत होतं. कॅमेरा जरासा प्रमुख पाहुण्यांकडं वळवावा, लग्नात वळवतो तसा. कुणाला कळणार होतं? पण हाताला लबाडी जमली नाही. सयाजी टाळक्यावर साडेतीन फेरे फिरला, एका तळहातावर थांबला आणि पाय आभाळात तसेच धरून राहिला. कॅमेरा केसभरही हलला नाही. अख्खा मांडव उठून उभा राहिला. गैबीनं जन्मात एवढं चांगलं शूटिंग केलं नव्हतं, आणि एवढ्या वाईट मनानंही केलं नव्हतं.

मंडळाला त्यानं आरतीची आणि भाषणांची कॅसेट दिली. नाचाची दुसरी कॅसेट त्यानं स्वतःकडंच दाबून ठेवली. आठवड्यानं सयाजी दुकानात आला आणि पायरीवरच उभा राहिला.

"वस्ताद, एकडाव दाखवा की. मी नाचतो कसा, त्ये मी कवा बघितलंच न्हाय."

खरंच होतं ते. बिद्रीत पुरुषभर उंचीचा आरसा कुणाकडं असायला?

"पुसली गा ती," गैबी म्हणाला. "इचलकरंजीचं लगीन घेतलं तिच्यावर."

खोटं पचलं, कारण धंद्याची रीतच ती होती. कॅसेटी महाग, एकावर दुसरं चढवायचं. सयाजीनं मान हलवली आणि एसटी गाठली. पण तो दर महिन्याला येऊन विचारायचा, "चुकून कुठं उरली असंल तर बघा की." आणि गैबी दर वेळी फळीवरच्या खोक्यांकडं बघून नाही म्हणायचा.

कॅसेट गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात होती. चुकूनही तिच्यावर दुसरं काही चढू नये म्हणून गैबीनं तिची मागची प्लास्टिकची टिकली मोडून ठेवली होती. रोज दुपारी शटर अर्धं ओढायचा आणि सयाजीचा नाच लावायचा. साडेतीन फेऱ्यांपाशी आला की थांबवायचा. मागं घ्यायचा, पुन्हा थांबवायचा. पोरगं कुठंतरी चुकत असणार, खांदा पडत असणार, गुडघा वाकत असणार. ते एकदा सापडलं की आपण सुखानं जेवू, असं त्याला वाटे. पुढं पुढं तो पुठ्ठ्यावर तसंच करून बघू लागला. अडीच वर्षं हे चाललं. पडद्यावर पांढरे पट्टे येऊ लागले तेव्हा त्यानं व्हीसीआर मशीनचं हेड स्पिरिटनं पुसलं आणि पुन्हा बघत बसला. नाच इतका पाठ झाला होता की पट्ट्यांआड किती उरलंय हे त्याच्या ध्यानातच येत नव्हतं.

एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत बातमी आली. सयाजीची मोटरसायकल ऊस भरलेल्या बैलगाडीवर आदळली होती. उजवा गुडघा गेला, आता तो वाकणार नाही. ऐकल्याबरोबर गैबीला छातीतलं ओझं उतरल्यासारखं वाटलं. दुसऱ्या क्षणी त्याला स्वतःची भीती वाटली. त्या दुपारी त्यानं शटर ओढलं नाही.

कुलसुमला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "तुमचं पोट भरलं आसंल तर आता ज्याची हाय त्येला दाखवा."

गैबीनं मशीन वाकळेत गुंडाळलं, स्कूटरला बांधलं आणि बिद्री गाठली. सयाजी खाटेवर पाय ताठ ठेवून बसला होता. आई शालूबाईनं चहा टाकला. गैबीनं कोपऱ्यातल्या टीव्हीला वायरी जोडल्या आणि खाली मान घालून म्हणाला, "घावली."

सयाजी पुढं सरकला. पडद्यावर मांडव दिसला, लोक दिसले, निळ्या बनियनमधला तो स्वतः स्टेजवर आला. त्यानं हात टेकले, डोकं टेकलं, आणि पडदाभर नुसता पांढरा चिखल उसळला. खरखर झाली. चित्र परत आलं तेव्हा मांडव उभा राहून टाळ्या वाजवत होता.

गैबीनं मागं घेऊन पुन्हा लावलं. तोच चिखल.

"म्हंजे खरंच पुसलीसा," सयाजी म्हणाला.

हो म्हणणं सोपं होतं. ते खोटं तर आधीच पचलेलं होतं.

"पुसली न्हाय. रोज बघत हुतो. तितंच थांबवून थांबवून. तितंच झिजली."

"रोज? कशापायी?"

"जळत हुतो तुज्यावर. तू कुठं चुकतोस त्ये हुडकत हुतो."

सयाजीनं पडद्यावरची नजर त्याच्याकडं वळवली. मग म्हणाला, "घावलं?"

"न्हाय."

शालूबाई चहाचे कप घेऊन दारातच थबकल्या. गैबीनं जोंधळ्याचं पोतं बाजूला सारलं आणि खाटेखालचं गोणपाट ओढून जमिनीवर पसरलं. पोट सुटलेला तेहतीस वर्षांचा माणूस. त्यानं हात टेकले, डोकं टेकलं आणि तो फिरला. एक, दोन, तीन आणि अर्धा. एका तळव्यावर थांबला. पाय वर राहिले.

खाली आला तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी आली होती. सयाजीचे डोळे भरले होते.

"असा नाचत हुतो मी?"

"असाच. ह्येच्यापरास चांगला."

"मग पुन्यांदा करा, वस्ताद. जरा सावकाश. मला बघू द्या."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी गैबीला 'पुन्हा नाच' म्हणालं होतं, आणि तेही गैबीला नव्हे, सयाजीला बघायला. त्याच्या पोटात दुखलंच. तरी त्यानं गोणपाट सरळ केलं आणि पुन्हा डोकं टेकलं.