सरवदे सर आणि लग्नाची दुसरी पत्रिका

सरवदे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते धाराशिवच्या महाविद्यालयात, दुपारच्या तासाला. भिंतीवर जगाचा जुना नकाशा, खिडकीबाहेर लिंबाची सळसळ आणि सरांचा संथ आवाज. मी ईट गावची, समुद्र कधी पाहिलेला नव्हता. पण सर ‘आधुनिक राजनय’ शिकवू लागले की नकाशावरचा निळा रंग हलतोय असं वाटे. अर्धा वर्ग पेंगायचा, मी जागेपणीच दूर हिंडून यायचे.

राजनय म्हणजे गोड बोलून आपलंच घोडं पुढे दामटणं, अशी माझी पक्की समजूत. सरांची रीत निराळी होती. ते आम्हाला एकेक देश नेमून देत आणि आधी समोरच्या देशाचं म्हणणं मांडायला लावत. समोरचा “व्हय, हेच म्हणायचंय मला” म्हणेपर्यंत आपली बाजू मांडायची नाही! मला या नियमाचा भारी कंटाळा.

त्याच वर्षी ताईचं लग्न ठरलं. पहिली पत्रिका सोनारीच्या भैरवनाथापुढे ठेवली. दुसरीचा मान थोरल्या चुलत्यांचा, तात्यांचा. पण माझ्या वडिलांचं, अण्णांचं, नि त्यांचं बोलणं बंद. तात्या आले नाहीत तर बोहल्यावर चढणार नाही, असं ताईनं बजावलेलं. अण्णांनी पत्रिका माझ्या हाती दिली. मी तात्यांपुढे लांबलचक भाषण ठोकलं.

“लई शिकलीस, पोरी,” म्हणत त्यांनी पत्रिका परत केली.

रडवेली होऊन मी सरांकडे गेले. त्यांनी चहा पुढे केला नि विचारलं, “तुम्ही बोललात किती, ऐकलंत किती?”

दुसऱ्यांदा तात्यांकडे गेले ती नुसती बसून राहिले. बऱ्याच वेळानं तात्या म्हणाले, “सुपारी फुटली ते मला गावातनं कळलं. म्या काय परका हाय व्हय?”

ते घरी जसंच्या तसं सांगितलं, अण्णांची बाजू न घेता. अण्णा टोपी घालून उठले. “चुकलंच माझं. आण ती पत्रिका, म्याच जातो.”

लग्नात तात्या सर्वांच्या पुढे उभे होते.

तेव्हापासून टीव्हीवर दोन देशांचे नेते हात मिळवताना दिसले की मी हातांकडे पाहत नाही. त्याआधी कोण कुणाच्या दारी नुसतं बसून आलं असेल, याच्या तंद्रीत हरवते. ही दृष्टी सरांची.

सर पंचाहत्तरीचे झाले. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. तरी समोरच्याचं पुरतं ऐकल्याशिवाय ते बोलत नाहीत. हा लेख लिहितेय म्हटल्यावर तात्यांनी निरोप दिला, तोच माझ्या शुभेच्छांसह पोचवते: “सरांना म्हणावं, ठणठणीत ऱ्हावा, शंभरी गाठा. आमच्या घरात रुसणारी अजून लई हायत.”