पेन्सिलबाई आणि पाहुण्यांचा धडा

आमच्या शाळेत पाहुण्यांच्या कपबशा वेगळ्या होत्या, तसे पाहुण्यांचे धडेही वेगळे होते. वर्ग बघायला कोणी येणार म्हटलं की जो तो आपला ठेवणीतला धडा बाहेर काढायचा. शास्त्राच्या सरांकडे मेणबत्ती आणि काचेचा पेला होता, भूगोलाच्या बाईंकडे पृथ्वीचा गोल. माझ्याकडे एका खोक्यात पुठ्ठ्याचे त्रिकोण होते. दोन सारखे त्रिकोण एकमेकांना लावले की चौकोन व्हायचा, मी विचारायचो, "मग एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ किती?" आणि वर्ग एका सुरात म्हणायचा, "निम्मं, सर." मागे बसलेला साहेब मान डोलवायचा. सव्वीस वर्षांत हा धडा मी इतक्या वेळा घेतला की झोपेतही घेतला असता. आमच्या हिचं म्हणणं, घेतोच.

खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे मुख्याध्यापकांनाही ठाऊक असायचं. ते दहा मिनिटं बसत, छापील कागदावर खुणा करत, खाली एका ओळीचा शेरा लिहून निघून जात. यात कुणाचं काही बिघडतं असं मला कधी वाटलं नव्हतं. नव्या बाई येईपर्यंत तरी नव्हतं.

नव्या बाई म्हणजे सातवीच्या गणिताच्या. त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागूनच, मध्ये एक पातळ भिंत. त्या भिंतीतून दिवसभर गलका यायचा. माझ्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी असा माझा लौकिक, त्यामुळे माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. एक दिवस मी जुन्या मुख्याध्यापकांकडे जाऊन तक्रार केली. त्यांनी नव्या बाईंचा वर्ग दहा मिनिटं बघितला आणि शेरा लिहिला, "वर्गावर नियंत्रण नाही." लिहून ते महिन्याभरात निवृत्त झाले.

तो शेरा साधा नव्हता, हे मला नंतर कळलं. नव्या बाई अजून कायम झालेल्या नव्हत्या. वर्षअखेरीला तपासनीस येणार, आणि दुसरा शेराही तसाच पडला तर त्यांना घरी जावं लागणार. नवरा दुसऱ्या गावी कामाला, इथे एका खोलीत सासूबाई आणि तीन वर्षांची मुलगी. शिक्षकांच्या खोलीत एकदा डबा उघडून बसल्या असताना त्या सहज म्हणावं तसं म्हणाल्या, की ही तिसरी शाळा आहे, तिसऱ्यांदा नको म्हटलं तर शिकवणं सोडून देईन. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी करून बसलो होतो.

आणि मग मोठ्या बाई आल्या. नव्या मुख्याध्यापिका. अंगाने भरलेल्या, एका गुडघ्याने अधू, आणि कानामागे कायम एक पेन्सिल. पहिल्याच आठवड्यात आम्ही त्यांचं नाव पेन्सिलबाई ठेवलं, आणि दुसऱ्या आठवड्यात ते त्यांच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, बरं आहे, निदान खोडरबर तरी नाही म्हणत.

पहिल्या सभेत त्यांनी सांगितलं की वर्षभर त्या सगळ्यांचे वर्ग बघणार आहेत. आमच्या तोंडचं पाणी पळालं. पण पुढे त्या म्हणाल्या, आधी तुम्ही माझा बघा. पाचवीचा इतिहासाचा एक तास त्या स्वतः घेत. मी लगेच हात वर केला, कारण मला त्यांच्या चुका काढायच्या होत्या. यात लपवण्यासारखं काही नाही.

तास चांगलाच फसला. बाई प्रश्न विचारायच्या आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर द्यायच्या. मी मोजलं, अकरा वेळा. मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर ते मी मिटक्या मारत सांगितलं. बाईंनी कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, कोणते अकरा, आठवतंय का. मला सात आठवले. ते त्यांनी लिहून घेतले आणि पुढच्या सोमवारी मला परत बोलावलं. त्या दिवशी चार झाले. "सात कमी," मी म्हणालो, आणि माझ्याही नकळत मला आनंद झाला होता.

त्यांची बघण्याची रीतही वेगळी होती. छापील कागद त्या कपाटात ठेवून देत. कोऱ्या कागदावर वर्गातल्या बाकांचे चौकोन काढत आणि शेवटच्या बाकावर तिरक्या बसत, कारण गुडघा बाकाखाली मावत नसे. मग एखादं मूल बोललं की त्याच्या चौकोनात एक ठिपका. शिक्षक फळ्याकडे वळला की कडेला वेळ लिहायची. चांगलं, वाईट, बरं, काहीच लिहायचं नाही. तास संपला की तो नकाशा शिक्षकाच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, तुम्हाला यात काय दिसतं.

मी एकदा विचारलं, हे कुठे शिकलात. तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या वर्गात मुख्याध्यापक आले, दहा मिनिटं बसले आणि वहीत एकच शब्द लिहून गेले, "ठीक."

"ठीक म्हणजे काय, याचा मी बारा वर्षं विचार करत होते, सर. कशात ठीक? काय करू म्हणजे ठीकच्या पुढे जाईन? विचारायची छाती झाली नाही."

दुसरी गोष्ट आईची. आई शिवणकाम करायची. गिऱ्हाइकाने घालून बघितलेला कपडा नीट बसला नाही तर ती वाईट शिवलंय असं कधी म्हणत नसे. जिथे ओढतंय, तिथे खडूची रेघ मारायची, आणि एका वेळी एकच शिवण उसवायची. दोन उसवल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही, असं ती म्हणे.

नव्या बाईंच्या वर्गात त्या पंधरा दिवसांत पाच वेळा बसल्या. नकाशे पाहून नव्या बाईंनी स्वतःच दोन गोष्टी सांगितल्या. एक, गलका होतो तो त्या फळ्याकडे वळल्या की. एकेक गणित पूर्ण लिहायला त्यांना सहा मिनिटं लागत आणि तेवढा वेळ वर्ग त्यांच्या पाठीमागे असे. दुसरं, सगळे ठिपके दाराजवळच्या पुढच्या चार बाकांवर. अकरा मुलं पंधरा दिवसांत एकदाही बोललेली नव्हती. खिडकीजवळची एक मुलगी तर शाळा सुरू झाल्यापासून बोलली असेल की नाही, शंका होती.

"दोन्ही बदलते," नव्या बाई म्हणाल्या.

"एकच," मोठ्या बाई म्हणाल्या. "कुठलं आधी, ते तुम्ही ठरवा."

त्यांनी आधी फळा निवडला. गणिताची पहिली ओळ स्वतः लिहायची, पुढच्या ओळी मुलांकडून लिहून घ्यायच्या. महिन्याभराने दुसरी शिवण: प्रश्न विचारल्यावर थांबायचं. घाई न करता, तोंड मिटून थांबायचं. हे सगळ्यात कठीण गेलं, असं त्या सांगत. घरी मुलीला "काय खाणार" विचारून सरावासाठी थांबून बसत, आणि सासूबाईंना वाटे सुनेचं काहीतरी बिनसलंय.

मोठ्या बाई माझ्याही वर्गात आल्या. मी अर्थातच खोकं काढलं. नकाशा हातात आला तेव्हा प्रत्येक चौकोनात अगदी एकेक ठिपका होता. "छान बसवलंय," बाई म्हणाल्या. मी ते कौतुक समजून घरी जाऊन सांगितलंही. हिने विचारलं, बसवतात ते नाटक ना. मी पेपर तोंडासमोर धरला.

वर्षअखेर आली. तपासनीस येणार त्याच्या आदल्या दिवशी नव्या बाई उद्याच्या धड्याचं टाचण पुन्हा पुन्हा खोडून लिहीत होत्या. मला राहवलं नाही. माझ्या तक्रारीचं ओझं होतंच. मी माझं खोकं त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि सांगितलं, हा धडा घ्या, सव्वीस वर्षांत एकदाही पडला नाही. त्या ते घेऊन गेल्या. मोठ्या बाईंनी ते व्हरांड्यात पाहिलं. मला वाटलं, अडवतील. त्यांनी फक्त विचारलं, जड आहे का.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. मधे तपासनीस, एका बाजूला मोठ्या बाई, दुसऱ्या बाजूला विषयाचा ज्येष्ठ शिक्षक म्हणून मी. नव्या बाईंनी खोकं उघडलं, पहिला त्रिकोण वर उचलला, आणि त्या काही विचारायच्या आत अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "निम्मं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. हीच मुलं गेल्या वर्षी सहावीत माझ्याकडे होती. हाच धडा त्यांनी जुन्या मुख्याध्यापकांपुढे केला होता. आणि त्याआधी मी त्यांच्याकडून तीन वेळा तालीम करून घेतली होती, हे विसरून कसं चालेल. तपासनीसांनी पेन उघडलं. सगळं माझ्यामुळे झालं होतं, पहिला शेराही आणि आता दुसराही. मला त्या बाकाखाली शिरावंसं वाटलं.

नव्या बाईंनी त्रिकोण खोक्यात ठेवला, खोकं मिटलं आणि जमिनीवर ठेवून दिलं.

"हे तुम्हाला येतंय," त्या मुलांना म्हणाल्या. "मग जे येत नाही ते करू."

त्यांनी फळ्यावर एक त्रिकोण काढला, एका बाजूला पार कललेला, इतका की त्याचं टोक पायाच्याही बाहेर गेलं. आणि विचारलं, याची उंची कुठे मोजाल.

कोणी बोलेना. नव्या बाईही बोलेनात. मी घड्याळात बघितलं म्हणून सांगतो, एकोणीस सेकंद. वर्गात एकोणीस सेकंद किती लांब असतात ते शिक्षकालाच कळेल. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तपासनीसांच्या पाठीमागून एक पेन्सिल आली आणि माझ्या खांद्यावर टेकली. मी तोंड मिटलं.

खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला. ती म्हणाली, ही तिरकी बाजूच उंची. साफ चूक. एरवी मी "बस खाली" म्हणून पुढे गेलो असतो. नव्या बाईंनी विचारलं, "तुला असं का वाटलं?"

"माझे बाबा भिंती रंगवतात," ती म्हणाली. "शिडी सरळ लावा की तिरकी, शिडी तेवढीच असते." मग ती थांबली. नव्या बाईही थांबल्या. मुलगी फळ्याकडे बघत हळूच म्हणाली, "पण जास्त तिरकी लावली की बाबांचा हात वरपर्यंत पोचत नाही. म्हणजे शिडी तेवढीच, पण उंची कमी."

नव्या बाईंनी तिच्यापुढे खडू धरला. ती उठली, टोकापासून सरळ खाली रेघ काढली, आणि रेघ त्रिकोणाच्या बाहेरच उतरली. पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, उंची बाहेर कशी असेल, ती त्रिकोणाच्या घरातच पाहिजे. दुसरा म्हणाला, शिडीचा पाय घराबाहेरच असतो. बघता बघता अख्खा वर्ग भांडू लागला. नव्या बाईंनी मिनिटभर भांडू दिलं आणि मग चौकटींचे कागद वाटले. आता मोजून भांडा, म्हणाल्या.

तपासनीस मोठ्या बाईंकडे वळून हळू आवाजात म्हणाले, वर्गात आवाज फार आहे. मोठ्या बाईंनी त्यांच्यापुढे दोन नकाशे ठेवले, एक वर्षाच्या सुरुवातीचा, एक आत्ताचा. पहिल्यात चार बाकांवर ठिपक्यांची गर्दी आणि बाकी सगळं कोरं. दुसऱ्यात कोरा चौकोन शोधावा लागत होता. साहेबांनी दोन्ही कागद बराच वेळ पाहिले. मग त्यांनी विचारलं, हा खिडकीजवळचा ठिपका कोणाचा. मोठ्या बाईंनी फळ्याकडे बोट दाखवलं. ती मुलगी अजून तिथेच उभी होती, हात खडूने पांढरे, दोघांना शिडी समजावत.

नव्या बाई कायम झाल्याचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. ते वाचून त्या शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर रडल्या, आणि मीही डोळे पुसले, कबूल करायला लाज कसली. नंतर त्या माझं खोकं परत द्यायला आल्या. मी त्यांना तक्रारीबद्दल सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "माहीत होतं, सर. भिंत पातळ आहे, तुमचं बोलणंही इकडे येतं."

खोकं घेऊन मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. दारात उभं राहून जे म्हणालो ते सव्वीस वर्षांत कोणापुढे म्हणालो नव्हतो. "बाई, उद्या माझ्या आठवीच्या वर्गात याल? बीजगणित आहे. मला ते मुलांपर्यंत पोचवता येत नाही."

त्यांनी हसून वगैरे काही दाखवलं नाही. कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, कितव्या तासाला.

दुसऱ्या दिवशी त्या शेवटच्या बाकावर गुडघा बाहेर काढून बसल्या. मी फळ्यावर पहिली ओळ लिहिली, वळलो, प्रश्न विचारला आणि तोंड मिटलं. वर्ग नेहमीसारखा चिडीचूप होता, इतका की भिंतीपलीकडची सातवी स्वच्छ ऐकू येत होती. तिकडे कशावरून तरी जोरात भांडण चाललं होतं. मला त्या गलक्याचा हेवा वाटला, आणि मी आणखी थोडा वेळ थांबलो.