चुकीच्या पाइपाले गोधडी

जेवणं झाल्यावर आमी दोघं नवराबायको स्लॅबवर चढलो अन् सोलरच्या पाइपाले चिंध्या गुंडाळत बसलो. आमचं सोबत केलेलं शेवटचं काम तेच.

सोलर पोरानं बसवून दिलं होतं. वर टाकीत पाणी चांगलं तापे, पण खाली न्हाणीत येईपर्यंत कोमट होऊन जाय. हिवाळ्यात आधी बादलीभर गार पाणी सांडा, मग गरम. तिची बोटं संधिवातानं आखडलेली. ती परत चुलीवर हंडा ठेवे. घरावर सोलर, अन् बाई चुलीपाशी फुंकर मारत बसलेली. मले याचाच राग येई.

आर्वीले दुकानात गेलो. दुकानदारानं काळ्या फोमची नळी दाखवली. म्हटलं, हे आपलं ऊन सोसते का? तो म्हणे, सगळे हेच नेतात. इचारलं काय अन् हा सांगते काय. शेजाऱ्यानं हेच लावलं होतं. एका उन्हाळ्यात भुगा झाला, हात लावला की काजळीवानी बोटाले लागे. तसाच परत आलो. ती म्हणाली, आपण कापूस पिकवणारी माणसं, अन् पाइप झाकाले आर्वीले काऊन जाता? फाटक्या गादीतला कापूस तिनं पिंजला, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या, वरून पावसासाठी खताची पोती कापून ठेवली.

दोन पाइप शेजारी शेजारी खाली येतात, एक थंड्याचा, एक गरमचा. दोन्ही एकाच रंगाचे. बसवणाऱ्या शहाण्यानं साधी खूणही केली नाई. ऑक्टोबरचं ऊन. हात लावला तर दोन्ही चटके देत होते.

"अजी, मले तर हा भिंतीकडचा गरमचा वाटते," ती म्हणाली. "उद्या सकाळी पाहू ना. उन्हात काय समजते?"

"तू मले शिकवू नको. बाहेरचा गरमचा आहे."

ती बरं म्हणाली अन् पट्टीचं टोक धरलं. वरून खालपर्यंत गुंडाळलं. तिच्यानं सुतळी आवळल्या जाईना, गाठी मीच मारल्या. मग ती खाली जाऊन खाटेवर पडली. दिवाबत्तीच्या वेळी उठवाले गेलो, तर ती गेली होती.

पाणी अजूनही कोमटच येते म्हणून तेरवीच्या दिवशी पोरानं प्लंबर आणला. तो वरूनच मोठ्यानं हसला. "बाबा, हा तर थंड्याचा पाइप! याले गोधडी कोनं पांघरली?"

पंगतीतले सोयरेही हसले. अन् माहा पोरगा म्हणतो, "आईचंच काम असन. तिले पाइपातलं काय समजे?"

मी तिथंच उभा होतो, हातात पाण्याचा गडवा. पोराचा राग आला, प्लंबरचा आला. पण तोंड माहंच बंद होतं ना. जलमभर तिनं माहं ऐकून घेतलं, अन् चारचौघांत तिच्यासाठी एक वाक्य मले बोलता आलं नाई. प्लंबर उद्या फोम आणतो म्हणून गेला. पोरगा म्हणे, चिंध्या फेकून देऊ.

सकाळी उजाडताच मी पोराले उठवून स्लॅबवर नेलं. सूनबाईले खाली गरमचा नळ सोडाले सांगितला. पोराले म्हटलं, पाइपाची उघडी टोकं धर. भिंतीकडचा तापत गेला. बाहेरचा गारच.

"तुह्या मायनं हाच सांगितला होता," मी म्हटलं. "म्या ऐकलं नाई. काल जे जे हसले, त्याइले फोन लाव."

तो म्हणे, बाबा, आता कोन ध्यानात ठेवते ते. म्हटलं, मी ठेवतो. लाव.

पहिला तिच्या भावाले लावला. चूक माही होती, तुह्या बहिणीची नाई, असं सांगितलं. तो म्हणे, बरं केलं भाऊजी सांगितलं. प्लंबरले येऊ नको म्हणून मीच कळवलं. पोरगा पुढचा नंबर शोधत होता, तोवर मी गाठी सोडाले बसलो, त्याच चिंध्या भिंतीकडच्या पाइपाले गुंडाळाच्या होत्या.