मोंबासातला आखाजीचा निंब

नंदुरबारला परत येऊन इतकी वर्षं झाली, तरी दगाजीअप्पा, ताराचंदशेठ आणि मी एकत्र बसलो की गप्पा फिरून फिरून मोंबासाच्या बागांवर येतात. लढाईआधी आम्ही तिकडे, आफ्रिकेत होतो. मी रेल्वेच्या माल ऑफिसात कारकून, रनाळ्याचे अप्पा गोदामावर, शेठचं कापडाचं दुकान. किस्से घरातल्या चिंध्यांसारखे असतात, टाकवत नाहीत आणि साठत राहतात.

खरं म्हणजे बागांचं वेड आमच्यापैकी कोणालाच नव्हतं. झालं असं, की अप्पांच्या बायकोची, सखूवहिनींची, आई गावी वारली. पत्र पोचायला दीड महिना लागला. वहिनी फार रडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "आते आखाजीले मन्हं माहेर कोठे?"

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, कडुनिंबाला झोका बांधते, गाणी म्हणते. अप्पांनी ठरवलं, माहेर नाही तर नाही, आखाजीपर्यंत निंब तरी शोधायचाच. तेव्हापासून दर रविवारी आमची वरात कुठल्या ना कुठल्या बागेत नाहीतर नर्सरीत.

*

पहिली नर्सरी एका गोऱ्या साहेबाची. साहेब यायला वेळ होता, म्हणून अप्पा वाफ्याशी उकिडवे बसले. शेतकऱ्याचा हात, तो रिकामा कसा राहणार! साहेब आला तेव्हा अप्पांनी घाणेरीची सतरा रोपं मुळासकट उपटून बांधावर नीट रचून ठेवली होती. आमच्या रानात जी कोणी फुकट घेत नाही, ती साहेबानं आगबोटीनं मागवून लावली होती. साहेब लालबुंद झाला.

अप्पांना वाटलं, काम अर्धवट राहिलं म्हणून चिडला. मला म्हणाले, "त्याले सांग, बाकीनी उद्या काढी दिसू."

मी काही ते सांगितलं नाही.

*

सरकारी बागेत हिरवळीवर चालू नये अशी पाटी होती. पलीकडे निंबासारखं झाड दिसलं आणि आम्ही सरळ हिरवळीवरून सुटलो. ताराचंदशेठ मात्र पक्के जैन, हिरव्या गवतावर पाय देत नाहीत. ते भर उन्हात अख्ख्या बागेला वळसा घालून आले.

बागेच्या सुपरिंटेंडेंटनं आम्हाला अडवलं आणि शेठकडे बोट दाखवून सुनावलं, की पाटी वाचणारा सभ्य गृहस्थ हा एकच आहे. शेठना इंग्रजीचं अक्षरही वाचता येत नव्हतं. आणि ते झाड निंब नव्हेच, बकाणाचं निघालं.

*

मार्गशीर्षात एका अरबाच्या बागेत गेलो. निंब नव्हता, पण आंबे पिकले होते. तिकडे ते तेव्हाच पिकतात. त्या भल्या माणसानं फोडी पुढे केल्या आणि अप्पा-वहिनींनी हात मागे घेतले. आखाजीला पितरांना दाखवल्याशिवाय आंबा तोंडाला कसा लावायचा?

मी मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत समजावलं. अरबानं विचारलं, तुमचे पितर जेवणार कधी? म्हटलं, पाच महिन्यांनी. त्याला फार कळवळा आला. म्हणाला, "तोवर बिचारे उपाशीच?"

वहिनी हसल्या. पत्र आल्यापासून पहिल्यांदाच हसल्या, म्हणून अरबाचा तो प्रश्न आम्ही अजून जपून ठेवलाय.

*

निंब मिळाला तो आखाजीला चार दिवस उरले असताना. गावाबाहेर एक म्हातारी स्वाहिली बाई अंगणात करवंट्यांतून रोपं वाढवून विकायची. तिच्या अंगणात तो उभा होता. अप्पांनी पान तोडून चावलं आणि कडू लागल्याबरोबर त्यांचे डोळे भरून आले.

आखाजीला दोर बांधला. वहिनी झोक्यावर बसल्या, पण पाय जमिनीवरून उचलेनात आणि तोंडातून गाणं फुटेना. आम्ही तिघं पुरुष, काय करणार? म्हातारी रोपांना पाणी घालत होती. तिनं डबा खाली ठेवला, मागून आली आणि झोका दिला. तिसऱ्या झोक्याला वहिनींनी गाणं धरलं. दुपार कलेपर्यंत एक झोके देत होती, एक गात होती.

निघताना म्हातारीनं निंबाचं एक रोप वहिनींच्या पदरात घातलं. फाटकाशी वहिनी मागे वळल्या आणि आमच्याकडे लेक माहेराहून निघताना आईला 'येते' म्हणते तसं म्हणाल्या, "येस माय."

म्हातारी बरंच काही बोलली. तिची भाषा आम्हाला बाजारापुरती येणारी. शेठ माझ्याकडे बघत होते, मी अप्पांकडे.

वाटेत अप्पांनी विचारलंच, काय बोलत होती ती?

वहिनींनी रोपाभोवती पदर घट्ट केला. "पुढली आखाजीले लवकर ये म्हने."