तांदळाच्या टोपलीचा मान

टोकावड्याजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती मंडळींची मोजकीच घरं. चर्च म्हणजे शाळेचीच खोली. कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन. रविवारी फळा भिंतीकडे तोंड करून उभा केला आणि चटया अंथरल्या की झालं चर्च. माझे वडील आठवडाभर मास्तर आणि रविवारी उपदेशक. पाद्रीसाहेब कधीमधीच यायचे.

वडिलांना अभिमान होता तो आम्हा पोरांच्या गप्प बसण्याचा. गावातली माणसं दारात उभी राहून आमची उपासना बघायची. "मास्तर, ही पोरां अशी कशी बसतात वो? आमची तर भजनाला देऊळ डोक्यावर घेतात," असं कुणी म्हटलं की वडिलांचा चेहरा खुलायचा. ते कौतुक आठवलं की आजही माझं डोकं तापतं. पोरं दगडासारखी बसली म्हणून कुणाच्या देवाची शोभा वाढते?

आमच्याकडे घरोघरी रोज तांदूळ वैरताना मूठभर बाजूला काढून ठेवायचे आणि रविवारी ते देवाच्या टोपलीत घालायचे. ही टोपली सगळ्यांपुढे फिरवायचा मान उपदेशात सगळ्यांत शांत बसेल त्या पोराला मिळे. ही युक्ती वडिलांचीच. मला तो मान कधीच मिळाला नव्हता. मी जन्माची बडबडी, त्यात मास्तरांची मुलगी. मला कोण सूट देणार?

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचा तो उन्हाळा. त्या रविवारी मी घरून ठरवूनच आले होते की आज टोपली माझी. उपदेश रंगात आला होता. मी चटईखाली हात घालून सारवणाचे पोपडे काढत होते, तोच बोटाला निखारा लागावा तसं झालं. हात बाहेर काढला, तर एक लालसर विंचू तुरुतुरु कुडाच्या फटीत शिरताना दिसला.

मी ओरडले नाही. ओठ चावून धरला. कळ बघता बघता काखेपर्यंत चढली, अंगाला दरदरून घाम सुटला. वडिलांनी बोलता बोलता माझ्याकडे बघितलं आणि समाधानानं मान हलवली. तेवढ्यासाठी मी आणखी कितीही सोसलं असतं.

उपदेश संपला आणि त्यांनी माझं नाव घेतलं. मी उठले, टोपली उचलली. सुजलेल्या बोटांत टोपली नीट धरवेना, तांदूळ सांडत होते. वडिलांच्या कपाळाला आठी पडली. शेवटी एका म्हातारीनं माझं मनगट धरलं आणि ती किंचाळली, "अगो बाय, पोरीला इंचू चावलाय! मास्तर, हात बघा हिचा!"

उपासनेच्या शेवटी द्यायचा आशीर्वाद तसाच राहिला. ज्या मंत्रवाल्याविरुद्ध वडील दर दोन-चार रविवारी बोलत, त्याच्याच दारात ते मला उचलून धावत गेले. त्यानं काय केलं ते मला आठवत नाही. वडिलांची धाप तेवढी आठवते, आणि "का नाही ओरडलीस गो?" हे पुन्हा पुन्हा विचारणं. मी वाचले. दोन बोटं मात्र ताठली ती कायमची.

टोपलीचा मान बंद झाला. त्यानंतर वडील उपदेशाच्या मध्येच थांबत आणि आम्हा पोरांना विचारत, "कोणाला काही दुखतंय का रे?" आम्ही एका सुरात म्हणायचो, "नाय, मास्तर." मागून आलेल्या लहानग्यांना तर तो उपासनेचाच भाग वाटे, तीही हात जोडून "नाय, मास्तर" म्हणत. वडिलांना हवी होती चुळबुळ, रडारड, एखाद्याचं "मला मुतायला जायचंय". पण पोरांना शांत बसायची सवय त्यांनीच लावलेली, आता ती मोडायची कशी ते त्यांना कळेना.

मीही चर्चमध्ये मुकी झाले होते. त्यांना बरं वाटावं म्हणून "नाय" तेवढं सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचे. ते माझ्या तोंडाकडे बघत नसत. माझ्या हाताकडे बघत, आणि उपदेश कुठवर आला होता ते विसरून जात.